आरोप कानी आला, तर काय करावे?



आम्ही शाळामास्तर. मॅट्रिक झालो, शिक्षकाची नोकरी धरली आणि हेडमास्तर होऊन निवृत्त झालो. आता कसाल गावी राहतो. कसाल मुंबई-गोवा रस्त्यावर आहे. येथूनच मालवणचा रस्ता फुटतो. त्यामुळे आमच्या तिठ्यावर माणसांची ये-जा फार. माणसे येतात तशा बातम्याही येतात. निवडणूक जवळ आली की बातम्यांना नुसता ऊत येतो. अमक्याने पैसे खाल्ले. तमक्याने जमीन लाटली. तो निवडून आला तर तुमचे रेशन बंद होईल. एक ना दोन!

अशा वेळी साध्या माणसाने काय करावे? काय ऐकावे, काय सोडावे? याचा विचार आज आपण करू. पण आधी आमची स्वतःची एक चूक सांगतो. दुसऱ्याला शहाणपण सांगण्यापूर्वी आपला वेडेपणा कबूल केलेला बरा.

आमची चूक

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही एका खेड्यात नोकरीला होतो. गावाचे नाव सांगत नाही. तेथे ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. एक गृहस्थ उभे होते. माणूस कष्टाळू. गावच्या विहिरीचे काम त्यांनीच मागे लागून मंजूर करून आणले होते. काम निम्मे झाले आणि थांबले. विहिरीच्या काठावर दगडांचा ढीग तसाच पडून राहिला.

मतदान दुसऱ्या दिवशी होते. पहाटे दार उघडले तर उंबऱ्यावर एक कागद. त्यावर एकच ओळ लिहिलेली. विहिरीचे पैसे कोणी खाल्ले? खाली नाव नाही, गाव नाही. असे कागद घरोघर पडले होते.

थोड्या वेळाने शेजारी आले.

"मास्तरांनू, ह्या वाचलात काय? पैसे खाल्ल्यान म्हणतत!"

"कोण म्हणतत?" आम्ही विचारले.

"सगळेच म्हणतत!"

झाले! आम्हालाही ते पटले. दगडांचा ढीग रोज डोळ्यांसमोर होताच. दुसऱ्या दिवशी आम्ही आमचे मत दुसरीकडे दिले. ते गृहस्थ नऊ मतांनी पडले.

चार महिन्यांनी ग्रामसभा भरली. ग्रामसेवकाने रोजकीर्द वाचून दाखवली. विहिरीचा पहिला हप्ता आला होता. त्याचा पैन् पै खर्च लिहिलेला होता. पावत्या लावलेल्या होत्या. दुसरा हप्ता वरून आलाच नव्हता. म्हणून काम थांबले होते. कोणीही काही खाल्ले नव्हते!

ती कीर्दवही आमच्या शाळेपासून शंभर पावलांवर, पंचायतीच्या कपाटात होती. आम्ही लिहिता-वाचता येणारे. मुलांना हिशेब शिकवणारे. पण ती शंभर पावले आम्ही चाललो नाही.

सभा संपल्यावर ते गृहस्थ आमच्यापाशी आले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "मास्तरांनू, तुमी तरी येक डाव इचारूक येवक व्हया होता."

आम्ही एकदा विचारायला जायला हवे होते. एवढेच त्यांचे म्हणणे. ते पुन्हा कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत. विहिरीचे काम पुढे कित्येक वर्षे रखडले. बायाबापड्या लांबून पाणी आणत राहिल्या. कागद टाकणाऱ्याचे काम एका रात्रीत झाले. त्याची किंमत मात्र गावाने पुष्कळ वर्षे भरली.

आम्ही फसलो कसे?

यावर आम्ही पुष्कळ विचार केला. आमच्या लक्षात आले ते असे.

पहिली गोष्ट. त्या कागदावर आरोप नव्हताच. नुसता प्रश्न होता. उत्तर आम्हीच आमच्या मनाने भरले. आपण स्वतः काढलेले उत्तर आपल्याला नेहमी खरे वाटते.

दुसरी गोष्ट. कागदाला थोडा खऱ्याचा आधार होता. काम थांबले होते, हे खरे. दगड पडले होते, हेही खरे. खोट्याला खऱ्याचा टेकू दिला की ते उभे राहते.

तिसरी गोष्ट. वेळ नव्हता. त्या गृहस्थांना उत्तर द्यायला सवड मिळाली नाही. आम्हालाही चौकशी करायला मिळाली नाही. निवडणुकीच्या आदल्या रात्रीला लोक 'कत्तलची रात' म्हणतात ते काही उगाच नव्हे.

चौथी गोष्ट सर्वात मोठी. आम्ही बेसावध होतो. असा कागद येईल, हे आमच्या ध्यानीमनी नव्हते. बेसावध माणसाला साधा धक्काही पाडतो. पाय रोवून उभ्या राहिलेल्या माणसाला जोराचा धक्काही पाडू शकत नाही.

देवीची लस आणि मनाची लस

आमच्या दंडावर देवीच्या टोचणीचा व्रण आहे. तुमच्यापैकी साठीच्या पुढच्या माणसांनी आपला दंड पाहावा. बहुतेकांना तो सापडेल. आमच्या लहानपणी देवी टोचणारा माणूस गावात आला की आम्ही पोरे माळ्यावर लपत असू! पण त्या टोचणीनेच पुष्कळांचा जीव वाचला. देवीचा रोग फार भयंकर होता. माणसे मरत. जगली तर तोंडावर वण राहत. कोणाचे डोळे जात.

देवीची लस आपल्या देशात पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत. तारीख होती १४ जून १८०२. अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली. त्यानंतर पुष्कळ वर्षे गावोगाव टोचणी चालली. शेवटी १९७५ नंतर आपल्या देशातून देवी गेली. १९८० साली सगळ्या जगातून देवी गेल्याचे जाहीर झाले.

लस काम कशी करते? खऱ्या रोगासारखा, पण अगदी सौम्य असा थोडासा अंश अंगात घालतात. शरीर त्याच्याशी झुंजते आणि झुंजायला शिकते. पुढे खरा रोग आला की शरीर म्हणते, "तुला मी ओळखतो!" मग रोगाचे फारसे चालत नाही.

मनालाही अशी लस टोचता येते काय? अमेरिकेत विल्यम मॅग्वायर नावाच्या एका शास्त्रज्ञाने १९६० च्या सुमारास याच प्रश्नाचा अभ्यास केला. त्याला आढळले की येते. चुकीच्या प्रचाराचा थोडासा नमुना माणसाला आधीच दाखवावा. त्याचे उत्तरही सोबत द्यावे. मग पुढे खरा जोराचा प्रचार आला तरी तो माणूस सहज वाहून जात नाही.

पुढे १९८६ साली अमेरिकेतल्या साउथ डकोटा या राज्यात निवडणूक होती. मायकेल फाउ आणि मायकेल बर्गून या दोघा अभ्यासकांनी तेथल्या मतदारांवर हे करून पाहिले. त्यांनी मतदारांना आधी सावध केले. तुमच्या उमेदवारावर असा असा आरोप होईल, त्याचे उत्तर असे आहे, हे आधीच सांगितले. मग तसा आरोप त्यांच्यापुढे ठेवला. आधी सावध केलेले मतदार इतरांपेक्षा कमी डळमळले.

म्हणजे या लसीत दोन गोष्टी असतात. एक इशारा आणि दुसरा नमुना. इशारा हा, की हल्ला येणार आहे. नमुना हा, की तो असा दिसेल. आता हीच लस आपण येथे बसल्या बसल्या टोचून घेऊ. दुखणार नाही!

आरोपांचे पाच नमुने

पहिला नमुना : बिननावाचा कागद. त्यावर लिहिणाऱ्याचे नाव नसते. आता त्याची जागा मोबाइलने घेतली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर येतो. तो कोणी लिहिला, हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसते. मुंबईचा चाकरमानी गावच्या भावाला पाठवतो. गावचा भाऊ पुन्हा मुंबईच्या दुसऱ्या भावाला पाठवतो. मजकूर फिरत राहतो, धनी मात्र सापडत नाही. आता तर माणसाचा खोटा आवाज आणि खोटे चित्रही यंत्रावर बनवता येते. ओळखीचा आवाज ऐकला म्हणजे तो माणूस तसे बोललाच, असे आता राहिले नाही.

दुसरा नमुना : अर्धे खरे. "त्याच्यावर खटला झाला." हे खरे असते. "कोर्टाने त्याला निर्दोष सोडले." हे मात्र सांगत नाहीत. किंवा लांब भाषणातले एकच वाक्य तोडून दाखवतात. नारळाची करवंटी दाखवायची आणि खोबरे लपवायचे, तसे हे.

तिसरा नमुना : माणसाच्या जन्मावर बोट. तो अमक्या जातीचा, तमक्या धर्माचा. तो आपल्या गावचा नव्हे. त्याची बायको अमकी. यात त्याच्या कामाविषयी एक शब्द नसतो.

चौथा नमुना : भीती. "तो आला तर तुमचे घर जाईल. तुमचे मत कोणाला गेले ते आम्हाला कळेल." लक्षात ठेवा, आपले मत गुप्त असते. ते कोणाला दिले हे सांगण्याची सक्ती तुमच्यावर कोणीही करू शकत नाही.

पाचवा नमुना : "सगळेच चोर!" हा नमुना फार फसवा आहे. हा एका माणसावरचा आरोप नव्हे. इतका चिखल उडवायचा की ऐकणारा कंटाळतो. तो म्हणतो, "जाऊ दे, कोणालाच मत नको." मग तो घरी बसतो. चांगला माणूस घरी बसला की मतदान फक्त बांधलेल्या माणसांचे होते. काही वेळा चिखल उडवणाऱ्याला हेच हवे असते. उमेदवारांपैकी खरोखर कोणीच पसंत नसेल, तर लोकसभा आणि विधानसभेच्या मतदान यंत्रावर २०१३ पासून 'वरीलपैकी कोणीही नाही' असे बटण आहे. ते विचार करून दाबावे. पण कंटाळून घरी बसू नये.

हे पाच नमुने घरात मोठ्याने वाचून दाखवा. पुढच्या निवडणुकीत यातला एखादा दाराशी आला, की घरातले पोरसुद्धा म्हणेल, "हो आजोबा, हा दुसरा नमुना!"

टीका वेगळी, चिखल वेगळा

येथे कोणी विचारील, "मास्तर, मग कोणावर टीकाच करू नये काय?"

छे छे! टीका हवीच. सत्तेवरच्या माणसाने काम केले नाही तर ते सांगितलेच पाहिजे. पैसे खाल्ले असतील आणि पुरावा असेल, तर चारचौघांत मांडलाच पाहिजे. टीका बंद झाली तर चोरांना रान मोकळे! खरी टीका ही मतदाराची मैत्रीण आहे. म्हणून टीका आणि चिखल यांतला फरक ओळखायला शिकले पाहिजे.

एक खरे उदाहरण घेऊ. व्ही. के. कृष्ण मेनन हे आपल्या देशाचे संरक्षणमंत्री होते. ते मूळचे केरळचे. १९६२ साली ते उत्तर मुंबईतून लोकसभेला उभे राहिले. समोर आचार्य कृपलानी होते. मेनन मोठ्या मतांनी निवडून आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चीनने आपल्यावर हल्ला केला. आपले सैन्य पुरेसे तयार नव्हते. देशभर मेनन यांच्यावर टीका झाली. नोव्हेंबरमध्ये त्यांना मंत्रिपद सोडावे लागले.

ही टीका कशावर होती? त्यांच्या कामावर. संरक्षणमंत्र्याला सैन्याच्या तयारीचा जाब विचारणे हा लोकांचा हक्कच आहे. ती टीका बरोबर की चूक, यावर वाद होऊ शकतो. पण ती करणे योग्यच होते.

पुढे १९६७ ची निवडणूक आली. काँग्रेसने मेनन यांना मुंबईतून तिकीट दिले नाही. ते ईशान्य मुंबईतून अपक्ष उभे राहिले. समोर स. गो. बर्वे होते. त्या वेळी मेनन हे महाराष्ट्राबाहेरचे आहेत, असा प्रचार फार झाला. मेनन पडले. बर्वे निवडून आले. आता पहा. पाच वर्षांपूर्वीही मेनन केरळचेच होते! मुंबईकरांनीच त्यांना निवडून दिले होते. त्यांचा जन्म काही मधल्या काळात बदलला नव्हता.

ते कोणत्या कारणाने पडले, हे मतपेटी सांगत नाही. बर्वे यांचेही काम मोठे होते. ते नावाजलेले सनदी अधिकारी होते. त्यांचे काम पाहून ज्यांनी मत दिले, त्यांनी योग्यच केले. मेनन यांचे १९६२ चे काम आठवून ज्यांनी मत नाकारले, त्यांनीही विचार केला. पण केवळ "तो परका" म्हणून ज्याने ठरवले, त्याने आपले मत दुसऱ्याच्या हातात दिले. माणूस एकच होता. त्याच्यावर दोन तऱ्हेचे बोलणे झाले. एक कामाविषयी, दुसरे जन्माविषयी. पहिले तोलून पाहावे. दुसरे बाजूला ठेवावे.

कायदा काय सांगतो?

लोकसभा आणि विधानसभा यांच्या निवडणुकांसाठी १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा आहे. त्याचे १२३ वे कलम महत्त्वाचे आहे. एखाद्या उमेदवाराने दुसऱ्या उमेदवाराच्या चारित्र्याविषयी जाणूनबुजून खोटे विधान प्रसिद्ध केले, आणि त्याने दुसऱ्याच्या निवडणुकीला धक्का बसणार असेल, तर तो भ्रष्टाचार ठरतो. धर्म, जात, भाषा यांच्या नावाने मते मागणे हाही भ्रष्टाचारच. तो सिद्ध झाला तर निवडून आलेल्याची निवड रद्द होते.

याच कायद्याचे १२७-अ कलम छापील कागदांविषयी आहे. निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर ते कोणी छापले आणि कोणी प्रसिद्ध केले, त्यांची नावे आणि पत्ते पाहिजेत. नसतील तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून पत्रक हाती आले की आधी त्याचा तळ पहा. तेथे नाव नसेल तर तो कागदच गुन्हेगार आहे! त्याने दुसऱ्याला गुन्हेगार का म्हणावे?

पण कायद्याची एक मर्यादा आहे. त्याचेही एक खरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले आहे. १९९१ साली त्या वेळच्या अहमदनगर मतदारसंघातून यशवंतराव गडाख लोकसभेवर निवडून आले. बाळासाहेब विखे पाटील पडले. विखे पाटील कोर्टात गेले. प्रचारात आपल्या चारित्र्याविषयी खोटी विधाने केली, असे त्यांचे म्हणणे होते. साक्षी झाल्या, पुरावे झाले. मुंबई उच्च न्यायालयाने गडाख यांची निवड रद्द केली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. तेथेही नोव्हेंबर १९९३ मध्ये निवड रद्दच राहिली.

यातून दोन धडे घ्यावेत. एक, कायद्याला दात आहेत. भर सभेत बोललेल्या शब्दांनी मिळालेली खुर्ची गेली. दुसरा धडा असा, की मतदान १९९१ चे आणि शेवटचा निकाल १९९३ चा. मधे दोन वर्षे गेली. कोर्ट पुरावा तपासते, म्हणून त्याला वेळ लागणारच. पण मतदाराला दोन वर्षे नसतात. त्याला दोन दिवस असतात. कधी एकच रात्र असते. त्या रात्री त्याच्याजवळ ना वकील, ना न्यायाधीश. त्याचे न्यायाधीश त्यालाच व्हावे लागते.

चार प्रश्न

म्हणून आरोप कानी आला की चार प्रश्न विचारा. बोटांवर मोजता येतील असे आहेत.

पहिला प्रश्न : कोण म्हणतो? "सगळेच म्हणतत" हे उत्तर नव्हे. पहिल्याने सांगणाऱ्या माणसाचे नाव पाहिजे. नाव नसेल तर तो आरोप दारातच ठेवा. घरात घेऊ नका.

दुसरा प्रश्न : पुरावा कोठे आहे? कागद, पावती, कोर्टाचा निकाल, डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार. यातले काय आहे?

तिसरा प्रश्न : याचा कामाशी संबंध काय? रस्ता, पाणी, शाळा, दवाखाना, हिशेब, यांच्याशी संबंध असेल तर ऐका. जातीशी, जन्माशी असेल तर सोडा.

चौथा प्रश्न : दुसऱ्याचे म्हणणे ऐकले काय? आपल्या गावात भाऊबंदकीचा तंटा झाला तर एकाचेच ऐकून कोणी निवाडा देत नाही. दोघांना समोर बसवतात. उमेदवारालाही तोच न्याय लावावा.

आणखी एक खूण सांगतो. एखादा मजकूर वाचून अंगाचा तिळपापड झाला, किंवा पोटात भीतीचा गोळा आला, तर तेथेच थांबा. तुमचा राग किंवा भीती कोणाला तरी हवी आहे. एक रात्र जाऊ द्या. सकाळी पुन्हा वाचा. आणि मजकूर पुढे तर मुळीच पाठवू नका. न तपासता पुढे पाठवणारा हा अंधारात कागद टाकणाऱ्याचा हमालच होय.

तपास कोठे करावा?

लोकसभा आणि विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्याच्यावर कोणते खटले आहेत, त्याची मालमत्ता किती, कर्ज किती, शिक्षण किती, हे त्यात असते. सुप्रीम कोर्टाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे हे सुरू झाले. ते निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीत लावतात. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरही असते. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला सांगा, ती मोबाइलवर काढून देतील. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. स्वतः वाचा. मात्र नुसता खटला दाखल होणे आणि गुन्हा शाबीत होणे यांत फरक आहे, तो ध्यानात ठेवा.

गावच्या कारभाराविषयी आरोप असेल तर ग्रामसभेत जा. तेथे हिशेब विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. २००५ सालचा माहितीचा अधिकार कायदाही आहे. साध्या कागदावर अर्ज लिहा, दहा रुपये फी भरा. साधारणपणे तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. पण हे काम निवडणुकीच्या आदल्या रात्री होत नाही. ते वर्षभर करायचे असते. ज्या गावात माणसे वर्षभर हिशेब विचारतात, त्या गावात आदल्या रात्रीचा कागद चालत नाही. ही सगळ्यांत पक्की लस.

मतदारांसाठी १९५० हा फोन नंबर आहे. शंका असेल तर तेथे विचारावे.

एक सावधगिरी

या लसीचाही कोणी दुरुपयोग करील. एखादा पुढारी म्हणेल, "माझ्याविरुद्ध जे जे बोलतील ते सगळे खोटे. ऐकूच नका." अशा माणसापासून चार हात दूर राहा. तो लस टोचत नाही. तो तुमच्या कानांत बोळे घालतो. आपण वर जी लस घेतली ती कान बंद करण्यासाठी नव्हे. कान उघडे ठेवून डोके जागे ठेवण्यासाठी आहे. आणि चार प्रश्न सर्वांना सारखे लावायचे. आपल्या आवडत्या उमेदवाराने दुसऱ्यावर चिखल उडवला तरीही! तेव्हाच ते खरे कठीण जाते. आपल्या माणसाच्या तोंडचे खोटे आपल्याला गोड लागते.

तसेच ही लस एकदा घेऊन भागत नाही. तिचा जोर ओसरतो. दर निवडणुकीपूर्वी पाच नमुने आणि चार प्रश्न पुन्हा घरात वाचावेत. गणपतीत चाकरमानी गावी येतात, त्यांच्यासमोरही वाचावेत. बायामाणसांनीही मांडीला मांडी लावून बसावे. त्यांचेही मत एकच आणि पुरुषाचेही मत एकच. ते दोन्ही तितक्याच किमतीचे.

शेवटचे दोन शब्द

निवडणूक दोन दिवसांची असते. गाव कायमचे असते. ज्याच्यावर आपण आज खोटा आरोप ऐकतो, तोच उद्या आपल्या घरच्या लग्नात पाहुण्यांना पंगतीत वाढणार असतो. आपल्या घरच्या मयताला खांदा देणार असतो. त्याच्याशी बोलणे तुटले तर निवडून आलेला पुढारी ते सांधायला येत नाही.

ते विहिरीचे गृहस्थ आता नाहीत. आम्ही त्यांची क्षमा मागितली होती. त्यांनी चहा पाजला आणि विषय बदलला. पण आमच्या मनातून तो विषय गेला नाही. त्यानंतर प्रत्येक निवडणुकीला मतदानाला निघण्याआधी आम्ही स्वतःला विचारतो, "मास्तर, ती शंभर पावले चाललात काय?"

तुम्हीही विचारा. आणि उत्तर 'होय' आले, की खुशाल मत देऊन या.